हार्ड डिस्क कोणत्या कंपनीची घ्यावी? गिऱ्हाइकांचे नेहमीचे प्रश्न

तालुक्याच्या गावी माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नाचे फोटोग्राफर, करसल्लागार, डीटीपीवाले आणि पोरांसाठी पीसी घेणारे पालक, असं चार तऱ्हेचं गिऱ्हाईक. चौघांचाही पहिला प्रश्न एकच असतो, म्हणून इथेही तोच पहिला.

एका वाक्यात सांगा, कुठल्या कंपनीची घेऊ?

सीगेट, वेस्टर्न डिजिटल (डब्ल्यूडी) किंवा तोशिबा. टाळाटाळ करत नाहीये, उत्तर हेच आहे. तिघांपैकी कुणाचीही घ्या, पण मॉडेल बघून घ्या आणि पक्क्या बिलावर घ्या. एखादा दुकानदार छातीठोकपणे एकच नाव घेत असेल, तर बहुतेक त्याच्या फडताळात त्याच कंपनीचा माल पडून असतो. हे मी स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगतो.

तीनच कंपन्या? बाजारात तर दहा नावं दिसतात.

नावं दहा आहेत, कारखानदार तीनच. एकेकाळी डझनावारी होते. कॉनर १९९६ मध्ये सीगेटने घेतली. क्वांटमचा डिस्कचा धंदा मॅक्सटरकडे गेला आणि २००६ मध्ये मॅक्सटरच सीगेटच्या पोटात गेली. २००९ मध्ये फुजित्सूचा धंदा तोशिबाकडे, २०११ मध्ये सॅमसंगचा सीगेटकडे. ज्या आयबीएमने १९५६ मध्ये जगातली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली (पन्नास तबकड्या, प्रत्येक २४ इंची, आणि सगळं मिळून साधारण ५ एमबी), तिनेसुद्धा हा धंदा हिताचीला विकून टाकला. हिताचीचा तो विभाग २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलने घेतला.

त्या व्यवहारात एक गंमत झाली. बाजारात स्पर्धा उरावी म्हणून नियामकांनी अट घातली आणि हिताचीच्या ३.५ इंची डिस्क बनवण्याच्या यंत्रसामग्रीचा काही भाग तोशिबाला द्यावा लागला. म्हणून त्या काळातली तोशिबाची डीटी०१एसीए मालिका बघितली, तर घराणं हिताचीचं निघतं. आडनाव सासरचं, वळण माहेरचं. ‘मी हिताचीशिवाय घेत नाही’ म्हणणाऱ्या एका काकांना मी हे समजावून सांगितलं होतं, पण त्यांना ते काही रुचलं नाही.

बाकी ट्रान्सेंड, एडेटा वगैरे नावांनी ज्या फिरत्या तबकडीच्या एक्स्टर्नल डिस्क मिळतात, त्यांच्या डबीत याच तिघांपैकी कुणाची तरी डिस्क असते. लासी तर सीगेटच्याच मालकीची आहे.

माझी सीगेट दोन वर्षांत गेली. मित्राची डब्ल्यूडी दहा वर्षं चालतेय. मग?

मग काही नाही. एका आंब्यावरून पेटीचा भाव ठरत नाही. माझ्याकडे याच्या बरोबर उलट सांगणारी माणसंही येतात, आणि तीही तितक्याच त्वेषाने सांगतात.

हजारो डिस्क एकत्र मोजल्या तरच काही कळतं. बॅकब्लेझ नावाची अमेरिकी साठवण कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या डिस्कचा हिशेब जाहीर करते आहे, मॉडेलवार. २०२३ साली त्यांच्याकडे वर्षाला १.४० टक्के डिस्क गेल्या, २०२४ मध्ये १.५७ टक्के. म्हणजे शंभरात दीड, असं धरून चला. पाच वर्षं वापरली तर शंभरातल्या साधारण सात. तुमची त्या सातात असली, तर बाकीच्या त्र्याण्णव किती छान चालल्या याचं तुम्हाला काय सोयरसुतक!

त्या तक्त्यांमध्ये हिताचीच्या कुळातल्या डिस्क बरीच वर्षं वरच्या रांगेत दिसल्या, आणि सीगेटची काही मॉडेलं खाली. पण मी ते तक्ते बघतो ते कंपनीसाठी नाही, मॉडेलसाठी. सीगेटच्या ३ टीबीच्या एसटी३०००डीएम००१ या मॉडेलने तिथे इतकं वाईट तोंड दाखवलं की २०१६ मध्ये अमेरिकेत त्यावर सामूहिक दावा दाखल झाला. त्याच कंपनीची ४ टीबीची डिस्क मात्र त्याच लोकांकडे पुढे कितीतरी वर्षं बरी चालली. कंपनी तीच, वर्षांचा फरकही फार नाही.

आणि कुणाचंच पान कोरं नाही. आयबीएमची डेस्कस्टार ७५जीएक्सपी २००१ च्या आसपास इतकी मरायला लागली की लोक तिला ‘डेथस्टार’ म्हणू लागले. सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ मध्ये २००८-०९ च्या सुमाराला फर्मवेअरची, म्हणजे डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरची, चूक निघाली. संगणक सुरू करताना डिस्क अचानक मुकी व्हायची. आतला डेटा शाबूत, पण दार लागलेलं. वेस्टर्न डिजिटलचं २०२० चं प्रकरण खाली कौलांच्या प्रश्नात सांगतो.

मग मॉडेल बघायचं म्हणजे नक्की काय बघायचं?

आधी स्वतःला विचारा, डिस्क दिवसाला किती तास फिरणार आणि तिच्यावर काय काम पडणार.

घरच्या किंवा ऑफिसच्या साध्या पीसीसाठी डब्ल्यूडी ब्लू, सीगेट बॅराकुडा, तोशिबा पी३००. यांची वॉरंटी साधारण दोन वर्षांची. चोवीस तास चालणाऱ्या नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणपेटीसाठी, डब्ल्यूडी रेड प्लस, सीगेट आयर्नवुल्फ, तोशिबा एन३००. यांना तीन वर्षं. रेड प्रो आणि आयर्नवुल्फ प्रो यांना पाच. सीसीटीव्हीसाठी डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. त्याच्याही वर डेटा सेंटरसाठीच्या डब्ल्यूडी अल्ट्रास्टार, सीगेट एक्सॉस आणि तोशिबाची एमजी मालिका. दणकट, पण आवाजी. हॉलमध्ये ठेवाल तर रात्री घरातलं माणूस विचारेल, ‘हे काय कुरकुरतंय?’

सीसीटीव्हीची डिस्क पीसीला लावली तर चालते का, हे हमखास विचारतात, कारण कधीकधी ती स्वस्त पडते. चालते. पण ती सतत लिहीत राहण्यासाठी बनवलेली आहे, आणि चित्रणाचा ओघ तुटू नये म्हणून एखादी फ्रेम सोडून पुढे जाणं तिच्या जगात क्षम्य धरलं जातं. करसल्लागाराच्या हिशेबाच्या फायलीत एकही फ्रेम क्षम्य नसते. उलटं तर मी मुळीच करू देत नाही: पीसीची साधी डिस्क डीव्हीआरमध्ये घातली की ती दमते.

मी स्वतः काय करतो? महत्त्वाचा डेटा असलेल्या माणसाला साध्या पीसीतही नॅसच्या मालिकेतली डिस्क सुचवतो. थोडे पैसे जास्त, एक वर्ष वॉरंटी जास्त, आणि कौलांचा घोळ बहुतेक टळतो.

हा कौलांचा घोळ काय आहे? एसएमआर का काय ते?

तोच. जुन्या पद्धतीत, म्हणजे सीएमआरमध्ये, डेटाच्या रेघा शेजारीशेजारी असतात, एकमेकींना न शिवता. एसएमआरमध्ये त्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. तेवढ्याच तबकडीवर जास्त माल बसतो, डिस्क स्वस्त पडते. पण कोकणातलं कौलारू घर शाकारताना बघितलंय ना? मधलं एक कौल बदलायचं तर वरची चार उचलावी लागतात. इथेही तसंच. एका जागी थोडं बदलायचं तर शेजारचा अख्खा पट्टा परत लिहावा लागतो. रिकामी असताना डिस्क झपझप चालते, आणि भरत आली की एखादी मोठी फाइल टाकताना अशी रेंगाळते की माणूस चहा पिऊन येतो.

२०२० मध्ये उघड झालं की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्ल्यूडी रेडच्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआरच्या होत्या आणि तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. बराच गदारोळ झाला. मग कंपनीने सीएमआरवाल्या डिस्क रेड प्लस नावाने वेगळ्या काढल्या. सीगेट आणि तोशिबाच्याही काही साध्या डिस्क एसएमआर निघाल्याच. आता तिघांच्याही संकेतस्थळावर मॉडेलनुसार ही माहिती मिळते. दुकानात उभं राहून मोबाइलवर बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

एसएमआर टाकाऊ नाही. वर्षातून चार वेळा फोटो टाकून कपाटात ठेवायच्या डिस्कला ती चालते. आरएआयडीमध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून चालवतात तिथे, मात्र नकोच. तिथे एक डिस्क बदलून नवी भरायची वेळ आली की ती जीव काढते.

खोक्यावर ‘एमटीबीएफ १० लाख तास’ लिहिलंय. म्हणजे ११४ वर्षं?

नाही हो. एमटीबीएफ म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ, पण तो आकडा एका डिस्कच्या आयुष्याचा नाही, कळपाचा आहे. वर्षाचे तास ८,७६०. त्याला दहा लाखांनी भागा: ०.८८ टक्के. म्हणजे शंभर डिस्क वर्षभर चालवल्या तर एकही पुरती जाणार नाही, असं कंपनीचं म्हणणं. २००७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या श्रोडर आणि गिब्सन या संशोधकांनी मोठ्या संगणक केंद्रांमधल्या नोंदी तपासल्या, तेव्हा डिस्क बदलण्याचं प्रमाण अनेक ठिकाणी २ ते ४ टक्के निघालं. खोक्यावरचा आकडा वाचा आणि सोडून द्या.

वॉरंटी पाच वर्षांची असली की डेटा पाच वर्षं सुरक्षित, बरोबर?

हा प्रश्न ऐकला की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. वॉरंटी डिस्कची असते, डेटाची नाही. बिघडलेली डिस्क दिलीत की बदली डिस्क मिळते, आणि तीसुद्धा बऱ्याचदा कंपनीने दुरुस्त करून तपासलेली, नवी कोरी नव्हे. तुमचे फोटो जुनीबरोबर गेले.

तरीही वॉरंटीचा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. कंपनीला स्वतःच्या मालाबद्दल काय वाटतं, हे जाहिरातीपेक्षा तिथे खरं कळतं. दोन वर्षं देणारी आणि पाच वर्षं देणारी डिस्क एकाच कंपनीची असेल, तर फरक कुठे आहे ते त्यांनाच माहीत असतं.

विकत घेतल्याबरोबर डिस्कवरचा सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून बघा. कधीकधी उत्तर येतं की ही डिस्क या देशासाठी नाही, किंवा ही संगणक बनवणाऱ्याला दिलेली आहे, वॉरंटी त्याच्याकडे मागा. म्हणजे माल बाहेरून आलेला किंवा कुठल्या तरी तयार पीसीतून काढलेला. भाव दोनशे-चारशेने कमी का होता, ते तेव्हा कळतं. दुकानदाराचा स्वतःचा कागदी ‘एक वर्ष गॅरंटी’चा शिक्का म्हणजे तो दुकान चालवतोय तोवरची गॅरंटी.

मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून घेऊ की ऑनलाइन?

दोन्हीकडे चांगला माल मिळतो आणि दोन्हीकडे फसतात. लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, रिक्षावाल्यापासून हमालापर्यंत तसं कुणी म्हणत नाही… आणि हो, रिक्षा तिथवर जातच नाही, टॅक्सी करा) भाव करता येतो, खोकं समोर फोडता येतं. जीएसटीचं बिल मागा आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. ‘बिलाशिवाय कमी लावतो’ म्हणाला तर नमस्कार करून पुढच्या दुकानात. ऑनलाइन घेताना वस्तूच्या पानापेक्षा विक्रेता कोण ते बघा. आणि पार्सल नुसत्या कागदी पाकिटात आलं, आत डिस्क खुळखुळतेय, तर न उघडता परत करा.

जुनी डिस्क नवी म्हणून विकण्याचा धंदा सगळीकडे आहे. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात, विशेषतः जर्मनीत, सीगेट एक्सॉसच्या कितीतरी डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्या आणि प्रत्यक्षात त्या हजारो तास फिरलेल्या निघाल्या. चिया नावाच्या क्रिप्टो चलनासाठी वापरून झालेला तो माल असावा असा संशय होता. किती तास चालली याची नेहमीची नोंद पुसून शून्य केलेली होती. चोरी पकडली गेली ती सीगेटच्या डिस्कमध्ये असलेल्या ‘फार्म’ नावाच्या वेगळ्या नोंदीमुळे, तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत ती वाचता येते.

आणि आठशे रुपयांत १६ टीबीची एक्स्टर्नल डिस्क दिसली तर पुढे सरका. आत एखादं मेमरी कार्ड आणि खोटं बोलणारी चिप असते. फायली कॉपी होताना दिसतात, उघडत नाहीत. एच२टेस्टडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर डिस्क पूर्ण भरून, परत वाचून खरी क्षमता सांगतं.

२ टीबीची घेतली, संगणक १.८१ दाखवतोय. फसवलं का?

नाही. कंपनी टीबी म्हणजे दहाच्या हिशेबाने एक लाख कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. माल तितकाच आहे.

हार्ड डिस्क आता कशाला? एसएसडीच घेतो ना.

विंडोज आणि रोजच्या कामासाठी एसएसडीच (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी) घ्या, त्यात वादच नाही. सहा-सात वर्षं जुना लॅपटॉपही नुसती एसएसडी घातल्यावर उठून बसतो. पण लग्नाचं चित्रीकरण, सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, पंधरा वर्षांचे दिवाळी अंक हे सगळं साठवायला टीबीमागे पैसे मोजले की फिरती डिस्क अजून परवडते. शिवाय एसएसडी वीज न देता दीर्घकाळ कपाटात पडून राहिली तर तिच्यातला विद्युतभार हळूहळू ओसरतो, म्हणून वर्षानुवर्षं ठेवणीतला माल मी एकट्या एसएसडीवर ठेवत नाही. आणि ती जाते तेव्हा बऱ्याचदा कण्हतसुद्धा नाही. काल होती, आज नाही.

डिस्क जायला आली हे आधी कळतं का?

कधी कळतं, कधी नाही. डिस्कच्या आत ‘स्मार्ट’ नावाची नोंदवही असते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर ती दाखवतं. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध. मी तीन ओळी बघतो: रीअलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल, म्हणजे तबकडीवरच्या खराब किंवा वाचता न येणाऱ्या जागांचे आकडे. तिन्ही शून्य हव्यात. आकडा उमटला आणि आठवड्यात वाढला, तर त्या दिवशी दुसरं काही करू नका, डेटा काढा. सीआरसीचा (वायरीतून डेटा जाताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर मात्र घाबरू नका. बहुतेक वेळा दोष डिस्क जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. शंभर-दीडशेची वायर बदला. नवी डिस्क घ्यायला आलेल्या कितीतरी जणांना मी वायर देऊन परत पाठवलंय.

गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखावर डिस्कचा अभ्यास छापला होता. डिस्क स्वतःला तपासताना पहिली वाचन-चूक सापडली, की पुढच्या ६० दिवसांत ती निकामी होण्याची शक्यता ३९ पटींनी वाढते, असं त्यात निघालं. पण त्याच अभ्यासात निम्म्याहून जास्त मेलेल्या डिस्कनी मुख्य चार नोंदींपैकी एकीतही काही दाखवलं नव्हतं. नोंदवही ओरडली तर ऐका. गप्प बसली तर त्यावरून निर्धास्त होऊ नका.

आमच्याकडे लाइट फार जाते. त्याने डिस्क खराब होते का?

वीज गेली की आधुनिक डिस्क फिरत्या मोटरच्या उरलेल्या वेगातून थोडी वीज काढून आपलं हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, सुरक्षित जागी नेते. एकदा-दोनदा काही होत नाही. त्रास देतं ते दिवसातून दहा वेळा जाणं-येणं आणि परत येतानाचा झटका. हेड आणि तबकडी यांच्यात जेमतेम काही नॅनोमीटरचं अंतर असतं. माणसाच्या केसाच्या हजारो पट कमी. म्हणून यूपीएस लावा, आणि अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. माझ्या माहितीतल्या एका डीटीपी केंद्रात तीन वर्षांत तीन डिस्क गेल्या, तीन वेगळ्या कंपन्यांच्या. मालक प्रत्येक वेळी कंपनी बदलत होता. शेवटी कळलं की थ्री-पिन सॉकेटची तिसरी पिन कुठेच जोडलेली नव्हती.

एक्स्टर्नल डिस्क चालू असताना हलवू नका, टेबलावर उभी ठेवू नका. स्कूटरच्या डिकीत तर नकोच.

दोन डिस्क घेतो, एकीची कॉपी दुसरीवर. दोन्ही सारख्याच घेऊ ना?

घेताय हे उत्तम. पण एकाच दिवशी, एकाच खोक्यातल्या, लागोपाठच्या सिरियल नंबरच्या घेऊ नका. एकत्र जन्मलेल्या कधीकधी एकत्रच आजारी पडतात. एक सीगेट, एक तोशिबा, असं करा. सगळ्या प्रश्नांत कंपनीचं नाव खऱ्या अर्थाने कामाला येतं ते इथे. दुसरी डिस्क त्याच पीसीत लावून ठेवू नका, काम झालं की काढून ठेवा. व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या तर जोडलेलीही जाते. आणि तिसरी प्रत घराबाहेर: भावाकडे, क्लाउडवर, कुठेही.

डिस्क टिकटिक करतेय. फ्रीजमध्ये ठेवून बघू?

नको! बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि उरलासुरला डेटाही जातो. टिकटिक म्हणजे हेडला आपली जागा सापडत नाहीये. लगेच बंद करा, परत परत चालू करून बघू नका. यूट्यूब बघून झाकण उघडू नका, धुळीचा एक कण पुरतो. सर्किट बोर्ड बदलून भागायचा काळही गेला, कारण हल्ली बोर्डवरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मापं भरलेली असतात. डेटा खरंच मोलाचा असेल तर धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा. खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट येतो, आणि हमी कुणीच देत नाही.

जुनी डिस्क भंगारात देऊ का?

चालू असेल तर आधी विंडोजमधून फॉरमॅट करा, पण ‘क्विक’वरची खूण काढून. मग ती सगळीकडे शून्यं लिहिते. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. बंद पडलेली असेल तर माझ्याकडे आणा, तुमच्यासमोर तबकडीला ड्रिलने भोकं पाडून देतो. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी बऱ्याचदा काचेची असते, ती फुटून उडते, म्हणून घरी हातोडा मारू नका. आतली दोन चुंबकं तेवढी मी ठेवून घेतो. दुकानातल्या पत्र्याच्या कपाटावर माझे सगळे पेचकस त्यांवरच लटकलेले आहेत.